मुक्ताबाईचा भाडेकरू

बोरमाळवाडीत गोरक्षनाथ गुरुजी कुठं राहतात असं विचारलं, तर शेंबडं पोरही सांगे, मुक्ताबाईच्या घरात, निळ्या दाराच्या कडेच्या खोलीत. आणि शाळा सुटल्यावर गुरुजी कुठं जातात असं विचारलं, तर तेच पोर सांगे, नगरला, घरी. या दोन्ही गोष्टी गावात एकमेकींच्या शेजारी सुखानं नांदत होत्या. त्यात काही खटकावं असं कुणाला वाटत नव्हतं, गुरुजींना तर नाहीच नाही.

सरकारचा नियम असा, की ज्या गावात शाळा, त्या गावात मास्तरानं राहायचं. राहिला तर घरभाडं भत्ता. आणि तो राहतो की नाही हे कोण सांगणार, तर ग्रामसभा. नियम करणाऱ्यांनी तो मोठ्या विश्वासानं केला असावा. पण तिसगावापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या या वाडीला मास्तर टिकवायचा होता आणि मास्तरला भत्ता. मग दर वर्षी ग्रामसभेत सरपंच अझहरभाई घसा खाकरून म्हणत, "गोरक्षनाथ गुरुजी गावात मुक्कामी राहतात, हे ज्यांना मान्य हाय, त्यांनी हात वर करा." भराभर हात वर होत. कुणीतरी मागून विचारी, "रातचं कुनी बघितलंय का पन?" त्यावर दुसरा म्हणे, "रातचं कोन कुनाला बघतंय!" आणि सगळी सभा हसे. गुरुजीही हसत. तिकडं फाट्यावर त्यांची गाडी थांबलेली असे. नगरहून रोज चार गुरुजी एका गाडीत येत-जात, पेट्रोल वाटून घेत, आणि उशीर झाला की बाकीचे तिघं हॉर्न वाजवत.

हसण्यात सामील न होणारी एकटी मुक्ताबाई. अझहरभाई तिच्याकडं वळून विचारत, "काय मावशी, तुमच्याच घरात ना?" ती पदर सावरून खणखणीत सांगे, "व्हय. खोली त्येंचीच हाय."

आणि ती खोटं बोलत नव्हती. खोली खरोखर त्यांचीच होती. मुक्ताबाईचा मालक असताना त्या खोलीत कडबा असायचा. गुरुजी कागदावर भाडेकरू झाले तशी तिनं ती सारवून घेतली, बाज टाकली, वर धुतलेली वाकळ अंथरली. रोज सकाळी खोली झाडून ती माठ भरून ठेवी. गुरुजी मधल्या सुट्टीत तिथं डबा खायला येत, घटकाभर बाजेवर पाठ टेकत. ती ताकाचा तांब्या आणून दाराशी ठेवी आणि भाड्याचा विषय काढला तर रागावे. "तुमी ऱ्हाता कुठं, भाडं द्यायला?" असं म्हणून वर हसे. गुरुजी दर दिवाळीला तिला लुगडं आणत. लुगडं चांगलं असे, त्यांची बायको सविताबाई स्वतः निवडत. पण भत्त्याच्या मानानं ते स्वस्तच पडे, आणि हे गुरुजींना कधीकधी बाजेवर पडल्या पडल्या आठवायचं. आठवलं की ते कुशीवर वळत.

गुरुजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिलीच्या पोरांना ते मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावत. वाडीतली चार पोरं त्यांनी स्कॉलरशिपला बसवली होती. मात्र पगाराचा विषय निघाला की त्यांचा सूर बदलायचा. आणि विषय निघायचाच, कारण मुक्ताबाईच्या ओट्यावर तिचा चुलत दीर बन्सी येऊन बसे. तिची जमीन तोच वाट्यानं करायचा.

"तुमचं बरं हाय, गुरुजी," बन्सी तंबाखू मळत म्हणे. "पाऊस पडो न पडो, कांदा सडो का इकला जावो, तुमचा पगार ठरल्याला."

"ठरलेला आहे, पण पुरलेला नाही, बन्सीभाऊ." मग गुरुजी सुरू होत. नगरला सावेडीतल्या फ्लॅटचा हप्ता. मुलगी आरती अकरावीला, तिच्या क्लासची फी म्हणजे एका बैलजोडीची किंमत. आधी शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर घासलेली वर्षं. आमच्या आधीच्यांना जुनी पेन्शन, ते म्हातारपणी पाय पसरून झोपणार. आम्हाला नवी, तिचा भरवसा बाजारावर. सविता बी.एड. झालेली. एका इंग्रजी शाळेत शिकवायची. तिच्या शाळेची इमारत काचेची आणि पगार मातीचा. "लोकांना आमचा आकडा दिसतो, भाऊ. आकड्याला किती तोंडं फुटलेली असतात ते दिसत नाही."

हा सगळा हिशेब त्यांना पाठ होता. संघटनेच्या सभेत त्यांनी तो मांडला की टाळ्या पडत. आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बन्सी सगळं ऐकून घेई आणि तंबाखू दाढेखाली सोडून म्हणे, "मंग हितंच ऱ्हावा की. भाडं न्हाई, दूध घरचं, हप्ता न्हाई."

"आरतीच्या शिक्षणाचं काय करू?"

"व्हय, ते बी खरंच." बन्सी अंगणापलीकडं शाळेकडं बघे. तिथं त्याच्या दोन नाती ओसरीवर पाढे म्हणत असायच्या. मग घंटा व्हायची आणि गुरुजी उठायचे.

मुक्ताबाईचा मुलगा सुनील सुप्याला एका कारखान्यात होता. ठेकेदाराच्या हाताखाली, आज काम आहे उद्याचं सांगता येत नाही असा. बायको रेश्मा, एक तान्हं लेकरू, आणि पत्र्याच्या चाळीत एक खोली. वाडीला यायचा तो सणासुदीला नाहीतर रविवारी, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असायची. त्यामुळं गुरुजी आणि त्याची गाठ पडली ती थेट एका दिवाळीत, गुरुजी लुगडं द्यायला आले तेव्हा.

सुनील वाकून पाया पडला. गुरुजी संकोचले. हा त्यांचा विद्यार्थी नव्हता, त्यांची इथं बदली होण्याआधीच गाव सोडून गेला होता.

"गुरुजी, तुमचे उपकार हायेत," तो म्हणाला. "मी आईला सारखा म्हनतो, चल सुप्याला. एकटी बाई, वय झालं, गुडघे गेल्यात. तर म्हनती, एकटी कशी? गुरुजी हायेत की शेजारच्या खोलीत. तुमी हाय म्हनून मला तिकडं झोप लागती."

गुरुजींना आधी वाटलं, हाही इतरांसारखाच गंमत करतोय. ग्रामसभेतल्यासारखं हसू त्यांच्या ओठावर आलंसुद्धा. पण सुनील हसत नव्हता. आणि त्याच्या पाठीमागं, चुलीपुढून, मुक्ताबाई गुरुजींकडं बघत होती. डोळे वटारून, अगदी बारीक मान हलवत. नका सांगू.

त्या एका क्षणात पुष्कळ काही सांगता आलं असतं. गुरुजींनी पुढं कितीतरी वेळा तो क्षण आठवून पाहिला आणि त्यात दर वेळी वेगळं उत्तर दिलं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "असतो ना मी. काळजी करू नका."

सुनील करंज्यांचं ताट आणायला आत गेला, तशी मुक्ताबाई हळूच जवळ आली.

"मावशी, हे काय? त्याला खरं सांगायला पाहिजे."

"सांगितलं की त्यो मला उचलून न्हेईल. ती एवढीशी खोली. तिथं मी दिसभर भिताडाकडं बघत बसू? हितं माजा मालक गेला, हितंच मी जानार." तिनं आवाज आणखी खाली घेतला. "बन्सीभावजींच्या तोंडाला बी मी कानिफनाथाची शपथ घालून कुलूप लावलंय. तुमी गप ऱ्हावा. तुमचं बी भागतंय, माजं बी भागतंय."

गुरुजींना ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायला सोपं होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. म्हातारी खूश, लेक निर्धास्त, आपणही मोकळे. नगरच्या वाटेवर करंजी घाटात त्यांना जरा बरंसुद्धा वाटलं, की आपल्या न राहण्यानंही कुणाचं तरी भलं होतंय.

सविताबाईंना मात्र नाही पटलं. त्या कणीक मळत होत्या, मळता मळता थांबल्या.

"तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय म्हणू? तिनंच खूण केली."

"अहो, तो पोरगा त्या भरवशावर झोपतोय." मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आठवड्यातून दोन रात्री तरी राहत जा ना तिथं. आरतीचं मी बघते. भत्ता घेतोच आहोत आपण, दोन रात्री तरी त्याच्या नावाच्या होऊ द्या."

"राहीन. थंडी सरू दे. आरतीची परीक्षा होऊ दे."

त्यांच्या मनात होतं, हेही खरं. त्यांनी एक पिशवी काढून त्यात पांघरूण आणि टॉवेल भरून ठेवला. सुरुवातीला ते रोज रात्री जेवण झाल्यावर मुक्ताबाईला फोन करत. "काय मावशी, झोपलात का?" ती म्हणे, "तुमी शेजारच्या खोलीतनं फोन करताय व्हय?" आणि खदखदून हसे. मग परीक्षेच्या कामात एखाद्या दिवशी फोन राहिला, मग दोन दिवस राहिला. मग फोन थांबला, तो थांबला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. पिशवी सावेडीच्या घरात कपाटाशेजारी तशीच उभी होती.

पौषातली एक सकाळ. डोंगराकडच्या वाडीत थंडी अशी पडली होती, की गाडीतल्या चौघांनी काचा वर करून गप्पाही बंद ठेवल्या होत्या. फाट्यावर उतरून गुरुजी नेहमीसारखे आधी मुक्ताबाईकडं वळले. शाळेची किल्ली तिच्याकडं असायची, दाराआडच्या खुंटीला. गुरुजी संध्याकाळी जाताना देत, सकाळी येऊन घेत. नगरला किल्ली नेली आणि एखाद्या दिवशी गाडी चुकली, तर पोरं दाराशी ताटकळतील, म्हणून ही सोय.

चुलीचा धूर दिसत नव्हता. दार सताड उघडं होतं. गुरुजींनी हाक मारली. उत्तर परसातून आलं, पण ते हाकेचं उत्तर नव्हतं, कण्हणं होतं.

न्हाणीच्या दगडाजवळ ती पडली होती. रात्री बाहेर आली असावी आणि गुडघा गेला असावा. हाताला लागलेलं खताचं रिकामं पोतं तिनं अंगावर ओढून घेतलं होतं. ओठ काळेनिळे झालेले. डोळे मात्र उघडे होते. गुरुजी गुडघ्यांवर बसले, तिचे हात हातात घेतले. ते हात दगडासारखे गार होते.

"मावशी, मावशी, काय झालं?"

"किल्ली खुंटीला हाय," ती म्हणाली.

गुरुजींनी अंगातला स्वेटर काढून तिच्यावर घातला, खोलीतली वाकळ आणली, बाज आणली. तीच बाज, तीच वाकळ. निरोप गेला तसा बन्सी आला, त्यानं तिला बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याचं घर ओढ्यापलीकडं, तिथवर हाक पोचण्यासारखी नव्हती. अझहरभाईंनी आपला पिकअप काढला. पोरं ओसरीवर जमायला लागली होती. गुरुजींनी कुलूप काढलं, दुसऱ्या वर्गाच्या बाईंकडं शाळा सोपवली आणि किल्ली पँटच्या खिशात टाकून ते पिकअपच्या मागं, बाजेशेजारी बसले. करंजी घाटात वळणावळणाला ती "आई गं" म्हणे. गुरुजी तिचं डोकं धरून होते आणि मनातल्या मनात कानिफनाथाला विनवत होते. पाढे म्हणून घ्यावेत तसं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा.

नगरच्या दवाखान्यात सुनील त्यांच्या आधीच पोचला होता. बन्सीनं फोन केला होता, आणि सुपा तसं जवळ. कारखान्याच्या निळ्या गणवेशातच आला होता, पायात मोठे बूट. आईला आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले.

"खुबा मोडलाय, त्याचं आपण करू. पण त्यांनी सगळी रात्र थंडीत काढलीय. छाती भरलीय, या वयाला ते अवघड असतं. रात्रीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती." ते पुढच्या पेशंटकडं निघून गेले.

"सगळी रात्र?" सुनील म्हणाला. तो गुरुजींकडं वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता अजून, नुसता गोंधळ होता. "गुरुजी, तुमी शेजारीच हुता ना?"

तेवढ्यात नर्सनं नातेवाइकांना बोलावलं. सुनील आत गेला. गुरुजी दाराशी थांबले, पडदा अर्धा उघडा होता.

"आये, तू हाक का न्हाई मारली?" सुनीलचा आवाज चढला होता. "गुरुजी कुठं हुते? झोपले हुते का मेल्यासारखे?"

मुक्ताबाईला धाप लागत होती. तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"त्येंना काय बोलू नगंस. गुरुजी हुते. मीच हाक मारली न्हाई." थांबून तिनं दम घेतला. "दिसभर पोरांपुढं वरडून दमत्यात. म्हनलं, झोपमोड कशाला करायची. सकाळ झाली की उठतीलच."

पडद्याच्या बाहेर गुरुजींना सगळं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, तिनं एखादी शिवी दिली असती, तळतळाट केला असता, तरी सोसलं असतं. ही बाई रात्रभर पोतं पांघरून पडली होती. निळ्या दाराच्या रिकाम्या खोलीकडं बघत असेल का ती? आणि आता धाप लागलेली असतानाही ती त्यांची नोकरी सांभाळत होती. तिला नेमकी कशाची भीती वाटत होती, कोण जाणे. भत्त्याचे चार पैसे परत करावे लागले असते, फार तर एक चौकशी झाली असती. तिला वाटलं असेल, मास्तर जाईल.

सुनील बाहेर आला. त्यानं डोळे पुसले, आणि एकदम वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला.

"माफ करा गुरुजी. मी तुमच्याबद्दल भलतंच मनात आनलं. आई तसलीच हाय, कुनाला तरास द्यायची न्हाई. तुमी सकाळी बघितलं म्हनून तरी ती हाय."

आता गप्प बसणं फार सोपं होतं. तिनं वाट करून दिली होती, लेकानं ती मान्य केली होती. गुरुजींनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. त्यांनी तो ठेवलाही. पण हाताखाली ती पाठ हुंदक्यानं हलत होती, आणि त्यांना ते सहन होईना.

"सुनील, मी नव्हतो."

तो सरळ उभा राहिला.

"काल नव्हतो. परवाही नव्हतो. मी तिथं एक रात्रसुद्धा राहिलेलो नाही. मी इथं नगरला राहतो, सावेडीत. ती खोली नुसती नावाला आहे. भत्त्यासाठी. साऱ्या गावाला माहीत आहे." त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. "तू दिवाळीला विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

सुनील खाली बाकावर बसला. तो आपल्या बुटांकडं बघत होता. आता हा उठेल आणि आपल्या थोबाडीत मारेल, असं गुरुजींना वाटलं. मारावं असंही वाटलं. पण त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच न समजल्यासारखा भाव होता, वर्गातल्या एखाद्या पोराला गणित सुटू नये तसा.

"पगार पुरत न्हवता का, गुरुजी?"

फ्लॅटचा हप्ता, आरतीचा क्लास, नवी पेन्शन, सविताचा मातीचा पगार. सगळं त्यांना पाठ होतं. सभेत टाळ्या घेणारा, एक अक्षर खोटं नसलेला तो हिशेब त्यांच्या जिभेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. निळ्या गणवेशातल्या, ठेकेदाराच्या हाताखालच्या त्या पोरापुढं त्यातली एकही रक्कम उच्चारता येईना.

"तुमी मला सांगायचं हुतं," सुनील म्हणाला. तो ओरडला नाही. "तुमचं भाडं मी दिलं असतं. कसं बी करून दिलं असतं. आईच्या शेजारी कुनीतरी झोपतंय, एवढ्यासाठी दिलं असतं, गुरुजी."

तेवढ्यात पडद्याआडून मुक्ताबाईनं हाक मारली. सुनील उठून आत गेला. शाळा उघडली का, असं ती विचारत होती. किल्ली आता कुणाकडं ठेवली, पोरं थंडीत बाहेर तर बसली नाहीत ना.

गुरुजींनी पँटच्या खिशात हात घातला. किल्ली तिथंच होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर नगरला आली होती.